कंपनीने सोडलेलं सॉफ्टवेअर कोण सांभाळतं? गूगल वेव्हची पुढची गोष्ट

लोकलमध्ये लटकलेले, ट्रॅफिकमध्ये अडकलेले, भांडी घासताना एक इअरफोन कानात घालून ऐकणारे, सगळ्यांचं स्वागत. आणि जे ऐकत नाहीत, वाचतायत, त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. बोलताना मी दर दोन वाक्यांनी "म्हणजे बघा" म्हणतो, ते शक्य तितकं काढलंय. थोडं राहिलं असेल तर सांभाळून घ्या.

आपल्या आयटी क्षेत्रात एक वाक्य फार सहज बोललं जातं. एखादं सॉफ्टवेअर चालेना, कंपनीला त्यात पैसा दिसेना, पण ते वापरणारे लोक मात्र आहेत, अशा वेळी मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं, "अरे, ओपन सोर्स करून टाका ना. लोक सांभाळतील." हे "लोक" म्हणजे नक्की कोण, हे त्या मीटिंगमध्ये कुणी विचारत नाही. आज आपण तेच विचारणार आहोत, आणि त्यासाठी जी गोष्ट घेतलीये ती जगातल्या सगळ्यात गाजावाजा झालेल्या टूल्सपैकी एकाची आहे: गूगल वेव्ह.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी हे नावही ऐकलं नसेल. २००९ साली मी सातवीत होतो, आपल्याकडे ऑर्कुट जोरात होतं. त्या वर्षी मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये गूगलच्या आय/ओ परिषदेत लार्स आणि येन्स रासमुसेन हे दोघे भाऊ आणि त्यांची टीम स्टेजवर आली. हे दोघे साधेसुधे नव्हेत. ज्या छोट्या कंपनीतून पुढे गूगल मॅप्स तयार झालं, ती सुरू करणाऱ्यांमध्ये हे दोघे होते. वेव्हची टीम सिडनीत बसायची. त्यांचा प्रश्न असा होता: ईमेल ही गोष्ट कागदी पत्राची नक्कल आहे. आज जर ईमेलचा शोध लागला असता, तर ते कसं दिसलं असतं?

त्यांचं उत्तर म्हणजे वेव्ह. एकच पान. त्यात ईमेलसारखं पाठवता येतं, चॅटसारखं लगेच उत्तर देता येतं आणि विकीसारखं सगळ्यांनी मिळून लिहिता येतं. समोरचा टाइप करतोय ते अक्षर न् अक्षर तुम्हाला दिसतं, खोडलेलंसुद्धा. उशिरा आलात तर "प्लेबॅक" दाबा, आणि चर्चा पहिल्यापासून सिनेमासारखी बघा. रोबो होते, म्हणजे संभाषणात सामील होणारे छोटे प्रोग्रॅम. त्यातला रोझी नावाचा रोबो तुम्ही लिहाल तसं दुसऱ्या भाषेत भाषांतर करत जायचा. तो डेमो यूट्यूबवर आहे, तासाहून मोठा आहे, वेळ काढून बघा. लोक उभे राहून टाळ्या वाजवतायत. सॉफ्टवेअरसाठी!

आता एक मिनिट थोडं तांत्रिक बोलतो. पळवू नका, कारण पुढची सगळी भानगड इथेच आहे.

समजा आपण दोघं एकच वाक्य एकाच वेळी बदलतोय. वाक्य आहे, "उद्या सभा आहे". मी पहिल्या शब्दानंतर "दुपारी" घातलं. त्याच क्षणी तुम्ही ठरवलं की "आहे" नको, आणि तिसरा शब्द खोडला. तुमची सूचना माझ्या फोनवर पोचते: "तिसरा शब्द खोड". पण माझ्याकडे आता वाक्य झालंय "उद्या दुपारी सभा आहे". तिसरा शब्द आहे "सभा". तो उडाला! माझ्याकडे राहिलं "उद्या दुपारी आहे", तुमच्याकडे राहिलं "उद्या दुपारी सभा". दोघांच्या स्क्रीनवर दोन वेगळी वाक्यं, आणि दोघांनाही वाटतंय आपलंच बरोबर. हे टाळायचं तर तुमची सूचना माझ्याकडे पोचल्यावर तिचं रूप बदलावं लागतं: "तिसरा नाही, आता चौथा खोड." याला ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात. प्रत्यक्षात शब्द नाही, अक्षरं मोजतात, पण कल्पना हीच. एलिस आणि गिब्स या दोघांनी १९८९ मध्ये ती मांडली, १९९५ मध्ये झेरॉक्स पार्कच्या ज्युपिटर सिस्टिमने ती सुधारली आणि वेव्हने ज्युपिटरची वाट धरली.

एका ओळीच्या मजकुरात हे इतकं सोपं वाटतं. वेव्हमध्ये मात्र मजकूर नुसता मजकूर नव्हता. त्यात उत्तरांच्या आत उत्तरं, चित्रं, गॅजेट्स, आणि वर कहर म्हणजे फेडरेशन. फेडरेशन म्हणजे जसं माझं ईमेल एका कंपनीचं आणि तुमचं दुसऱ्या कंपनीचं असलं तरी पत्र पोचतं, तसंच कुणीही स्वतःचा वेव्ह सर्व्हर चालवावा आणि सगळे सर्व्हर एकमेकांशी बोलावेत. कल्पना म्हणून ही मला आजही सुंदर वाटते. आपण आज व्हॉट्सअॅपवरून टेलिग्रामवर साधा "हाय" पाठवू शकत नाही, हे लक्षात घ्या. आणि सुरुवातीलाच, २००९ मध्येच, गूगलने या सर्व्हरचा एक नमुना ओपन सोर्स केला होता. म्हणजे "बंद पडलं म्हणून फेकलं" असं इथे पूर्णपणे म्हणता येत नाही. मोकळेपणा मूळ आराखड्यातच होता.

मग बिघडलं कुठे? ३० सप्टेंबर २००९ ला साधारण १ लाख लोकांना आमंत्रणं गेली. लोक आत आले आणि... आत कुणीच नव्हतं. मला आमंत्रण आलं, पण माझ्या मित्राला नाही, मग मी कुणाबरोबर मिळून लिहू? लग्नाच्या हॉलमध्ये आपण एकटेच वेळेवर पोचावं, तसं. शिवाय हे ईमेल आहे की चॅट आहे की वही आहे, ते घरच्यांना एका वाक्यात सांगता येईना. मे २०१० मध्ये दरवाजे सगळ्यांसाठी उघडले. आणि ४ ऑगस्ट २०१० ला गूगलने जाहीर केलं की स्वतंत्र प्रॉडक्ट म्हणून वेव्हचं काम थांबवतोय. अपेक्षेइतके लोक आले नाहीत, असं कारण. म्हणजे सगळ्यांना उघडून तीन महिनेही झाले नव्हते. आपल्याकडे पावसाळासुद्धा यापेक्षा जास्त चालतो.

इथून पुढची गोष्ट सहसा कुणी सांगत नाही, कारण इथून पुढे टाळ्या नाहीत.

सप्टेंबर २०१० मध्ये टीमने घोषणा केली: "वेव्ह इन अ बॉक्स". आधीच सुमारे २ लाख ओळींचा कोड मोकळा होता, त्यात भर घालून कुणालाही आपल्या सर्व्हरवर चालवता येईल असं पूर्ण पॅकेज करायचं. डिसेंबर २०१० मध्ये हा प्रकल्प अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या इनक्युबेटरमध्ये दाखल झाला. आता त्याचं नाव अपाची वेव्ह.

इनक्युबेटर म्हणजे काय? अपाची ही १९९९ पासूनची ना-नफा संस्था. तिच्याकडे आलेल्या नव्या प्रकल्पाला थेट घरात घेत नाहीत, आधी उमेदवारी करावी लागते. कोडचे हक्क कुणाचे, याची कागदपत्रं साफ करायची. कंपनीने लेखी द्यायचं की हा कोड आम्ही देतो. आत कुणाची लायब्ररी वापरली असेल तर तिचं लायसन्स जुळतं का ते तपासायचं. निर्णय सगळ्यांना वाचता येईल अशा ठिकाणी, लेखी चर्चेतून घ्यायचे. चहाच्या टपरीवर दोघांत ठरलं हे चालत नाही. रिलीज काढायचं तर मतदान, आणि किमान तीन अधिकृत "+१" मतं हवीत. ठरावीक काळाने प्रगतीचा अहवाल द्यायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रकल्प एकाच कंपनीच्या जिवावर चालत नाही हे दाखवायचं. अपाचीत एक म्हण आहे, तिचा अर्थ साधारण असा की कोडपेक्षा माणसांचा गट मोठा. बिघडलेला कोड चांगली माणसं दुरुस्त करतात. माणसंच नसतील तर उत्तम कोडही पडून राहतो.

कॉलेजात मला हे सगळं सरकारी कचेरीसारखं वाटायचं. तीन मतं कशाला, टाक ना बटण दाबून! नोकरीत सहा वर्षं काढल्यावर आता वाटतं, यातला एकही नियम उगाच नाही.

आता वेव्हकडे बघा. कोड आला. पण ज्यांनी तो लिहिला, ती माणसं? गूगलचे इंजिनियर दुसऱ्या प्रकल्पांवर गेले. लार्स रासमुसेन तर २०१० संपायच्या आत फेसबुकमध्ये गेला. यात कुणाला दोष देण्यात अर्थ नाही, नोकरी आहे बाबा, पगार जिथे तिथे काम. काही जण उरले, त्यांनी खरंच वर्षानुवर्षं काम केलं. पण त्यांच्या हातात आलेलं घर कसं होतं ते समजून घ्या.

एक तर, गूगलचं वेव्ह गूगलच्या अंतर्गत यंत्रणेवर उभं होतं. डेटा कुठे साठवायचा, शोध कसा चालवायचा, हे सगळं त्यांच्या आतल्या सिस्टिम्सवर. ते काही बाहेर येणार नव्हतं. त्यामुळे ओपन सोर्स आवृत्तीत साठवणुकीसारखी मूलभूत गोष्ट वेगळी उभी करावी लागली, साध्या फाइल्स किंवा मोंगोडीबी. म्हणजे बंगला दिला, पण पाण्याची टाकी आणि विजेचा मीटर शेजारच्याचा, तो तोडून नेला.

दुसरं, ब्राउझरमध्ये दिसणारा सगळा भाग जावामध्ये लिहून जीडब्ल्यूटी नावाच्या साधनाने जावास्क्रिप्टमध्ये बदललेला होता. २००९ मध्ये हा शहाणपणाचा मार्ग होता. पण पुढच्या तीन-चार वर्षांत वेबचं जगच बदललं, आणि नवीन येणाऱ्या पोराला ते शिकायची इच्छा राहिली नाही. विचार करा, तुम्ही तिसऱ्या वर्षाला आहात, ओपन सोर्समध्ये काहीतरी करून रेझ्युमेवर टाकायचंय. समोर लाखो ओळींचा जावा, त्यात ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन, त्यावर फेडरेशन. पहिला छोटा बदल करायलाच महिना जाईल. तुम्ही टॅब बंद करणार. मीही केला असता.

तिसरं मला सगळ्यात मोठं वाटतं: वापरणारे. ओपन सोर्सला कामाची माणसं कुठून मिळतात? ज्यांना रोज ते टूल लागतं आणि त्यातली एखादी अडचण रोज टोचते, त्यांच्यातून. गूगलने स्वतःची सेवा ३१ जानेवारी २०१२ ला फक्त वाचण्यापुरती ठेवली आणि ३० एप्रिल २०१२ ला पूर्ण बंद केली. पण तोवर लोक केव्हाच पांगले होते. ज्यांना टोचत होतं तेच निघून गेले, मग दुरुस्त कोण करणार?

अपाची वेव्ह इनक्युबेटरमध्ये सात वर्षं राहिलं. उमेदवारी काही संपली नाही. जानेवारी २०१८ मध्ये प्रकल्प निवृत्त केला. अपाचीचा शब्दही "निवृत्त" असाच आहे, "नापास" नाही. आणि कोड अजूनही आहे, अपाची लायसन्सखाली, आज रात्री डाउनलोड करून उघडून बघू शकता.

म्हणून सात वर्षं वाया गेली का? मला तसं वाटत नाही. माद्रिदच्या कॉम्प्लुटेन्से विद्यापीठातल्या मंडळींनी याच कोडवर स्वेलआरटी नावाचं वेगळं साधन उभं केलं. वेव्हच्या टीममधल्या जोसेफ जेंटल नावाच्या इंजिनियरने बाहेर पडल्यावर २०११ मध्ये शेअरजेएस लिहिलं. त्याने सगळा बंगला उचललाच नाही. फक्त ती "तिसरा नाही, चौथा खोड" वाली युक्ती घेतली आणि एक छोटी लायब्ररी केली, जी कुणीही आपल्या ॲपमध्ये बसवू शकेल. ज्ञान असं माणसांच्या डोक्यातून प्रवास करतं. रेपॉझिटरीतून कमी.

पण खरी गंमत इथर्पॅडची आहे. इथर्पॅड म्हणजे साधं पान, सगळ्यांनी मिळून लिहायचं, प्रत्येकाच्या अक्षरांना वेगळा रंग. ॲपजेट नावाच्या छोट्या कंपनीने ते बनवलं होतं. डिसेंबर २००९ मध्ये गूगलने ॲपजेट विकत घेतली. कशासाठी? ती टीम वेव्हवर काम करायला हवी होती म्हणून! इथर्पॅड बंद होणार असं जाहीर झालं. वापरणारे भडकले. आणि दोन आठवड्यांच्या आत, १७ डिसेंबर २००९ ला, इथर्पॅडचा कोड ओपन सोर्स झाला. पुढे २०११ च्या सुमारास काही जणांनी जुना अवजड कोड बाजूला ठेवून नोड जेएसमध्ये ते नव्याने लिहिलं, इथर्पॅड लाइट. ते आजही जिवंत आहे. विकिमीडिया स्वतःचं इथर्पॅड चालवते, फ्रान्समधली फ्रामासॉफ्ट संस्था चालवते. ज्या वेव्हसाठी इथर्पॅडचा बळी द्यायचा होता ते गेलं, आणि ज्याचा बळी जाणार होता ते पंधरा वर्षांनंतरही चालू आहे.

फरक काय? माझ्या मते तीन-चार गोष्टी आहेत, पण एकच सांगतो. इथर्पॅड बंद होणार म्हटल्यावर ओरडणारे लोक होते. ते रोज वापरत होते, म्हणून ओरडले. आणि एखादा हुशार विद्यार्थी महिन्याभरात पूर्ण समजून घेऊन नव्याने लिहू शकेल इतकं ते लहान होतं. वेव्ह बंद झाल्यावर लोक हळहळले. हळहळण्यात आणि ओरडण्यात फार अंतर आहे.

ओरडणाऱ्यांच्या ताकदीवरून आठवलं. २००२ मध्ये ब्लेंडर बनवणारी कंपनी बंद पडली, तेव्हा टोन रोझेंडालने लोकांकडून सात आठवड्यांत १ लाख युरो उभे करून गुंतवणूकदारांकडून कोड सोडवून घेतला. आज ॲनिमेशन शिकणारी आपली अर्धी पोरं तेच वापरतात. उलट ओपनऑफिस बघा: ओरॅकलने २०११ मध्ये ते अपाचीला दिलं, पण त्याआधीच, सप्टेंबर २०१० मध्ये, बरीचशी माणसं वेगळी होऊन लिब्रेऑफिस घेऊन गेली होती. नाव आणि कोड एका घरात, माणसं दुसऱ्या घरात. आज जोरात कोण आहे ते तुम्हाला माहितीये.

आता हे सगळं मी का उकरून काढलं, ते सांगतो. मी पुण्यात ज्या कंपनीत काम करतो तिथे एक छोटं टूल आहे, वेगवेगळ्या शाखांनी मिळून एकच नोंदवही भरायची, तशा प्रकारचं. कंपनी ते बंद करतेय. निर्णय झाला, त्यावर माझं म्हणणं नाही, आकडे मीही बघितलेत. पण सातारा जिल्ह्यातली एक पतसंस्था रोज संध्याकाळी सात शाखांचा दिवसअखेरचा मेळ त्यातच घालते. तिथले मॅनेजर माझ्या बाबांच्या वयाचे आहेत, तरी मला "साहेब" म्हणतात. त्यांचा फोन आला: "साहेब, बंद म्हणजे नक्की कधी? आमचं ऑडिट असतं हो." आणि त्याच आठवड्यात मीटिंगमध्ये ते वाक्य आलं. ओपन सोर्स करून टाका, लोक सांभाळतील.

मी म्हटलं, बघतो. घरच्या लॅपटॉपवर, ऑफिसचं नेटवर्क न लावता, कोड नव्याने उभा करायचा प्रयत्न केला. उभा राहिला नाही, कारण लॉगिन कंपनीच्या अंतर्गत यंत्रणेला बांधलेलं. पाण्याची टाकी शेजारच्याची! आलेख काढणारी लायब्ररी पैसे देऊन घेतलेली, तिचा कोड आपण वाटू शकत नाही. आणि गिटच्या जुन्या इतिहासात टेस्टिंगसाठी घातलेली खऱ्या खातेदारांची नावं. तो इतिहास जसाच्या तसा गिटहबवर गेला असता तर "लोक" आधी पोलिसांकडे गेले असते.

मग मी एक पानाची यादी करून वर पाठवली. इतिहास टाकून फक्त स्वच्छ कोड द्यायचा, लॉगिन साधं करायचं, लायब्ररी बदलायची. आणि एक मागणी: वर्षभर दोघांना आठवड्याचे चार तास लेखी द्या, "जमेल तसं बघा" नको. कोड देणं ही एका दिवसाची गोष्ट आहे, माणसं देण्याला खर्च येतो, आणि तो खर्च करायचा नसेल तर ओपन सोर्स शब्द वापरू नका, सरळ "बंद" म्हणा, म्हणजे पतसंस्थेला दुसरी सोय तरी बघता येईल. हे शेवटचं वाक्य मी पाठवण्याआधी तीनदा वाचलं. मग तसंच पाठवलं.

उत्तर अजून आलेलं नाही. दरम्यान मॅनेजरसाहेबांना सांगितलं, टूलचं काय व्हायचं ते होवो, आधी तुमचा डेटा बाहेर काढू. गेल्या शनिवारी सातही शाखांच्या नोंदी एक्सेलमध्ये उतरवल्या. पाच बरोबर आल्या. दोन शाखांच्या तारखांमध्ये दिवस आणि महिना उलटा पडलाय, त्या या आठवड्यात सरळ करतोय. कंपनीचं काय ठरतं ते कळलं की सांगेनच.

तुमच्यापैकी कुणी एखादं सोडून दिलेलं टूल खरंच सांभाळत असाल, चार जणांचं का असेना, तर मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात त्या ऐकवायच्या आहेत. भेटूया.